जीपची गंजलेली चेसी : पत्रा मारायचा की चेसीच बदलायची?

(ऊस विकास विभागाकडून)



या वेळी लागवड, बेणे, खत यांवर न लिहिता आम्ही जीपवर लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. पण गाळप हंगाम आटोपला की गट ऑफिसात बेण्याच्या चौकशीसोबत एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, जीपची चेसी गंजली. पत्रा मारू का दुसरी टाकू?" आपल्या भागात अजूनही पुष्कळ सभासदांच्या दारी जुनी जीप उभी आहे. कोणाची वडिलांनी घेतलेली, कोणाची सरकारी खात्याच्या किंवा संस्थेच्या लिलावातली. इंजिन ठणठणीत, टायर नवे, रंग झकास, आणि खाली वाकून चेसीला नख लावले की पापुद्रे गळतात, अशी गत. या प्रश्नात जिवाचाही संबंध आहे आणि कायद्याचाही. म्हणून जाता जाता तोंडी उत्तर देण्यापेक्षा सविस्तर लिहिलेले बरे, असे आम्हांस वाटले.

जीप मूळची लष्करातली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईच्या महिंद्र कंपनीने विलीजच्या परवान्याने त्या इथे जोडायला घेतल्या. विलीजने १९५३ साली काढलेली उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी हीच आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढची खरी जीप. आतले इंजिन उंच, म्हणून बॉनेट उंच. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली, पुढे १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या, आणि बी.डी.ओ.ची जीप गावच्या वेशीत दिसू लागली. नंतर डिझेलच्या पाचशे चाळीस, पाचशे पन्नास, कमांडर, मेजर अशा जीपा आल्या. आपल्या काळ्या जमिनीत पाऊस पडला की बैलगाडीचा कणा चिखलात बसतो. अशा वेळी चारही चाकांना ओढ देणारी गाडी लागते. म्हणून वऱ्हाडात जीप टिकली. हौसेचा भाग नंतरचा.

आता चेसी म्हणजे काय ते पाहू. दोन लांब पट्ट्या, पुढून मागे जाणाऱ्या, आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या, म्हणजे क्रॉस मेंबर. जिन्याची शिडी आडवी ठेवावी तसा सांगाडा. लांब पट्टीचा आकार बहुतेक ठिकाणी पन्हळासारखा, एक बाजू उघडी. पुढच्या भागात मात्र जोर जास्त येतो म्हणून तो पेटीसारखा बंद केलेला. पत्र्याची जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे फार नाही. इंजिन, गिअर पेटी, स्टिअरिंगचा डबा, कमानी पाटे, बॉडी, सगळे याच सांगाड्याला लटकलेले असते. बॉडी कुजली तर पाय खाली जाईल इतकेच. चेसी तुटली तर चाक एकीकडे आणि स्टिअरिंग दुसरीकडे.

गंज सगळीकडेच चढतो, मग आपल्याकडच्या चेसीत विशेष काय? आमच्या मते तीन गोष्टी आहेत, आणि तिन्ही शेतकऱ्याच्या ओळखीच्या आहेत.

पहिली गोष्ट आपली काळी माती. ही माती पाणी धरून ठेवते म्हणूनच कापूस-तूर कमी पावसात तग धरते. पण हीच माती चेसीच्या पन्हळात, पाट्यांच्या हँगरमागे आणि पेटीच्या पोटात जाऊन बसली की तिथेही पाणी धरूनच ठेवते. वरून ढेकूळ वाळलेले दिसते आणि आत लोखंडाला लागून ओल असते. मुरमाड भागातली जीप आणि काळ्या रानातली जीप शेजारी उभी करून पाहा, फरक लगेच कळेल.

दुसरी गोष्ट खारे पाणी. पूर्णेच्या दोन्ही काठांवर अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर इकडच्या सभासदांना त्याबद्दल आम्ही काय सांगावे! जे पाणी आपण पिकाला देत नाही, तेच बोअरचे पाणी जीप धुवायला मात्र बिनदिक्कत वापरतो. मिठाच्या पाण्यात लोखंडावरचा संरक्षक थर टिकत नाही, गंजाची क्रिया वेगाने चालते, आणि पाणी वाळले तरी मागे राहिलेले मीठ हवेतली ओल ओढून घेते. म्हणजे धुतलेली जीप न धुतलेल्या जीपपेक्षा लवकर कुजते. कोकणच्या किनाऱ्यावर जे समुद्राच्या हवेने होते, ते आपल्याकडे समुद्र नसताना आपण बादलीने करून घेतो.

तिसरी गोष्ट खते आणि औषधे. जीपच्या मागच्या हौद्यात पोती टाकून नेणे हा रोजचा प्रकार. पोते कुठेतरी फाटलेले असते, दाणे फळीच्या फटीतून खाली चेसीवर पडतात. आपण ज्याला साधे पोटॅश म्हणतो ते म्युरेट ऑफ पोटॅश मिठाचाच भाऊ, त्यात क्लोराईड असते. अमोनियम सल्फेट हवेतली ओल ओढून आम्लधर्मी पाणी तयार करते. युरियाही पाणी धरतो. संत्र्याच्या बागेत डिंक्यासाठी बोर्डो मिश्रण करणाऱ्यांनी तर विशेष जपावे. मोरचुदाचे पाणी लोखंडी बादलीत कालवू नका, असे आपण नेहमी सांगतो, कारण ते लोखंड खाते आणि बादलीवर तांब्याचा थर चढतो. जे बादलीचे तेच चेसीचे. मोरचुदाचा डबा कलंडला तर तिथेच थांबून भरपूर गोड्या पाण्याने धुवावे, घरी जाऊन पाहू असे म्हणू नये.

गंजाचा एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. लोखंड गंजले की फुगते, ते मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते. दोन पत्रे एकमेकांवर रिव्हेटने बसवलेले असतील तर मधला गंज फुगून पत्रे वाकवतो, रिव्हेट ताणतो. म्हणून चेसीवर कुठे पत्र्याला फुगार आलेला दिसला तर वरून ती जाड दिसेल, पण आत ती पातळ झालेली असते.

उसाची लाल कूज जशी कांडी उभी चिरल्याशिवाय ओळखू येत नाही, तसे चेसीचेही आहे. वरच्या रंगावर जाऊ नये. सभासदांनी स्वतः करण्यासारखी तपासणी सांगतो. जीप पक्क्या फरशीवर घ्यावी, चाकांना दगड लावावे आणि मजबूत घोड्यांवर उचलावी. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये. माती पूर्ण खरवडून काढावी, नाहीतर हातोडी मातीवर पडते आणि काही कळत नाही. मग अर्ध्या किलोची हातोडी घेऊन लांब पट्टी पुढून मागे वीतभर अंतराने ठोकत जावे. चांगले लोखंड ठणठण वाजते, हातोडी उसळते. कुजलेले थपथप वाजते आणि हातोडी बसते. जिथे शंका येईल तिथे जाड स्क्रू ड्रायव्हरचे टोक जोराने दाबावे. टोक आत गेले तर पुढे विचारायलाच नको.

काही जागा मुद्दाम पाहाव्यात. सर्वांत मागचा क्रॉस मेंबर आणि मागच्या पाट्यांचे हँगर, कारण मागच्या चाकांचा सगळा चिखल तिथे बसतो आणि ट्रॉली ओढणाऱ्यांनी हुकही तिथेच लावलेला असतो. मागच्या ॲक्सलच्या वर पट्टी जिथे चढून उतरते तो भाग. बॉडीच्या बोल्टांखालच्या रबरी चकत्या, कारण त्या ओल धरतात. गिअर पेटीखालचा क्रॉस मेंबर. तो सहसा बोल्टवर बसवलेला असतो, सुटा निघतो, आणि तो एकटाच खराब असेल तर काम थोडक्यात आटोपते. आणि शेवटी, पण सर्वांत महत्त्वाचा, स्टिअरिंगचा डबा जिथे चेसीला बसतो तो पुढचा पेटीचा भाग. एकाने गाडीत बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खालून पाहावे. डब्याबरोबर चेसीचा पत्रा हलताना दिसला, किंवा बोल्टच्या भोकापासून केसासारखी चीर निघालेली दिसली, तर ती जीप त्या क्षणापासून रस्त्यावर नेऊ नये. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना आणि त्याहून उतरताना तिथे काय जोर येतो, ते नीट ध्यानात घ्यावे. हंगामात अशाच जीपांत तोडणीच्या टोळीतली माणसे, बाया, लेकरे बसवून नेतात हेही आम्ही पाहतो. तेव्हा "चालू हाय ना सायेब, मंग काहून खोलता?" या म्हणण्याला काही अर्थ नाही. तुटेपर्यंत प्रत्येक चेसी चालूच असते.

तपासणीनंतर तीनच रस्ते उरतात. कूज एखाद-दुसऱ्या जागी असेल तर तेवढा भाग कापून नवा बसवावा. क्रॉस मेंबर गेले असतील आणि लांब पट्ट्या शाबूत असतील तर क्रॉस मेंबर बदलावे. दोन्ही लांब पट्ट्या जागोजागी भोके पडून पातळ झाल्या असतील तर डागावर डाग लावण्यात हशील नाही, चेसीच बदलावी लागते. नव्या पत्र्याला वेल्डिंगचा टाका धरायला चांगल्या जाडीचे लोखंड लागते. टाका घालताच जुना पत्रा वितळून भोक मोठे होत असेल, तर कारागीर कितीही चांगला असला तरी त्याचा इलाज नाही.

पण चेसी बदलायची म्हटली की एक अशी गोष्ट येते जी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही आणि पुढे भारी पडते. चेसी हे नुसते लोखंड नव्हे. तिच्यावर ठोकलेला नंबर हीच गाडीची ओळख. आर.सी. बुकात रंग, इंजिन नंबर, चाकांमधले अंतर यांच्यासोबत तोच नंबर लिहिलेला असतो. सातबाऱ्यावरचा गट नंबर बदलून आपण आपली जमीन दाखवू शकत नाही, तसेच हे.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने गाडी बनवताना दिलेला मूळ तपशील आणि नोंदणी दाखला यांत तफावत पडेल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हीच गोष्ट ठासून सांगितली आहे. म्हणून चेसीला हात लावण्याआधी अमरावतीकरांनी अमरावतीच्या आणि अकोलेकरांनी अकोल्याच्या परिवहन कार्यालयात लेखी अर्ज करावा, गाडीचे फोटो जोडावेत, गाडी दाखवावी आणि लेखी परवानगी हातात आल्यावरच काम सुरू करावे. परवानगी मिळेलच असे धरून चालू नये. ती मिळाली नाही तर लांब पट्टीचा नंबर असलेला भाग कायम ठेवून दुरुस्ती, हाच एक मार्ग राहतो. गाडी कर्जावर असेल तर बँकेला किंवा सोसायटीला, आणि विमा असेल तर विमा कंपनीलाही कळवावे लागते.

भंगार बाजारात "चांगली चेसी, स्वस्तात" म्हणून जी मिळते, तिच्याबद्दल इथे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. त्या चेसीवर दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीचा नंबर असतो. ती गाडी चोरीची होती की अपघातातली, हे बिलाशिवाय कळायला मार्ग नाही. काही कारागीर यावर युक्ती सांगतात की जुन्या चेसीवरचा नंबराचा तुकडा कापून नव्या चेसीवर वेल्ड करून देतो, किंवा नंबर घासून नवा ठोकून देतो. बंधूंनो, ही युक्ती नव्हे, हा गुन्हा आहे. नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी निरीक्षक नंबरावर फडके मारून पाहतात. पहिल्या १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी हा प्रसंग यायचाच. नंबराभोवती वेल्डिंगचा टाका दिसला की गाडी जागच्या जागी अडकते. त्याहून वाईट म्हणजे अपघात झाला आणि माणूस गेला, तर नंबरात गफलत असलेल्या गाडीचा विमा कंपनीकडे दावा लढवणे फार अवघड. मग भरपाई मालकाच्या जमिनीतून जाते. दोन पैसे वाचवायला जाऊन शेत गहाण टाकण्याची पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हा परिच्छेद लांबला.

जुनी चेसी घ्यायचीच असेल तर ती आपल्याच मॉडेलची असावी. सीजे-थ्री-बीच्या दोन ॲक्सलमधले अंतर ८० इंच. नंतरच्या काही जीपांचे यापेक्षा बरेच जास्त. लांब चेसीवर आखूड जीपची बॉडी चढवली तर ते आर.सी. बुकातल्या आकड्यावरूनच उघडे पडते. विकणाऱ्याकडून पक्के बिल घ्यावे, आणि ती चेसी ज्या गाडीची होती त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा दाखला मागावा. दाखला नाही म्हणाला तर सरळ उठून यावे. आपल्या जीपचा स्वतःचा नंबरच गंजून पुसट झाला असेल तर मिस्त्रीकडे न जाता आधी परिवहन कार्यालयाकडे जावे.

५० वर्षांहून जुन्या जीपा असलेल्या काहींनी विंटेज नोंदणीबद्दल विचारले होते. केंद्राने जुलै २०२१ मध्ये त्याचे नियम काढले आहेत. पण त्यात गाडी मूळ रूपात हवी, चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, आणि अशी गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्यात चालवता येत नाही. शेतावर रोज लागणाऱ्या जीपला ते सोयीचे नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. हे काम चांगल्या फिटरचे आहे, पण काय चालले आहे ते मालकाला कळले पाहिजे.

सुटे करण्याच्या आठवडाभर आधीपासून प्रत्येक बोल्टवर रोज डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल सोडावे. जुन्या जीपच्या पाट्यांच्या यू शॅकलला काही ठिकाणी उलटे आटे असतात. हे माहीत नसलेला पोरगा पाना लावून जोर करतो आणि शॅकल मोडतो. वायरी सोडताना प्रत्येकीला चिठ्ठी बांधावी आणि मोबाइलवर भरपूर फोटो काढून ठेवावेत. पूर्वी आम्ही वहीत चित्रे काढत असू, त्यापेक्षा हे कितीतरी सोपे झाले आहे. बॅटरी प्रथम काढावी. पेट्रोल जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती काढून कामाच्या जागेपासून लांब ठेवावी. रिकामी टाकी निर्धोक असा पुष्कळांचा समज आहे, तो चुकीचा. टाकीतले पेट्रोल संपले तरी वाफ असते, आणि ठिणगीने भडका वाफेचाच होतो.

बॉनेट, रेडिएटर, मडगार्ड, काच काढली की बॉडी सात-आठ माणसे उचलू शकतात. उचलण्याआधी दोन्ही बाजूंच्या उघड्या दारांत आडवा अँगल बांधावा, नाहीतर कुजलेली बॉडी मधे वाकते आणि पुन्हा बोल्टांची भोके जुळत नाहीत. इंजिन आणि गिअर पेटी चेनकप्पीने, मजबूत तिकाटण्यावरून काढावी. लिंबाच्या फांदीला कप्पी बांधण्याची चाल आपल्याकडे आहे, ती सोडावी. फांदी आधी सांगून मोडत नाही.

कापाकापी करण्यापूर्वी मापे. आमच्या मते सबंध कामात अर्धे महत्त्व या एका गोष्टीला आहे. चेसी घोड्यांवर गवंड्याच्या पाण्याच्या नळीने समपातळीत घ्यावी. पाट्यांच्या प्रत्येक हँगरपासून ओळंबा सोडून फरशीवर खडूची खूण करावी. मग शेत मोजताना कर्ण मोजतो तसे समोरासमोरचे तिरपे अंतर मोजावे. दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. एका सुतापेक्षा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागापेक्षा, जास्त फरक आला तर चेसी आधीच वाकलेली आहे. ती सरळ केल्याशिवाय टाका घालू नये. ही मापे वहीत लिहून ठेवावी, फरशीवरच्या खुणा काम संपेपर्यंत पुसू देऊ नयेत. मापे न घेता बांधलेली जीप पुढे जन्मभर खेकड्यासारखी तिरकी चालते आणि टायर खाते, मग मालक अलाइनमेंटवाल्याशी भांडत बसतो.

दोन्ही पट्ट्या किंवा सगळे क्रॉस मेंबर एकदम काढू नयेत. एकेक काढावा, नवा बसवावा, पुन्हा कर्ण मोजावे, मग पुढचा. कापण्याआधी आजूबाजूला अँगलचे तात्पुरते बंध टाक्यांनी धरावे. नवा पत्रा दहा गेजचा, म्हणजे सुमारे सव्वातीन मिलिमीटर, घेऊन कारखान्याच्या पत्रा वाकवण्याच्या मशिनवर एकसंध पन्हळ वाकवून घ्यावा. घण मारून वाकवलेला नको. कूज दिसते त्याच्या वीतभर पुढे, जिथे चांगले चकचकीत लोखंड लागते तिथपर्यंत जुने कापावे. जोड सरळ उभा न घेता तिरपा किंवा पायरीसारखा घ्यावा आणि आतून पट्टी द्यावी, म्हणजे सगळा जोर एकाच रेषेवर येत नाही. पन्हळाच्या वरच्या आणि खालच्या कडेवर आडवा टाका टाळावा. चेसी लवते तेव्हा ओढ आणि दाब तिथेच सर्वांत जास्त असतो, आणि चीर तिथूनच सुरू होते. जाड पट्ट्या चारी बाजूंनी लावून चेसी "एकदम मजबूत" करून देणारे कारागीरही भेटतात. जीपची चेसी थोडी लवण्यासाठीच बनवली आहे. एक भाग अति ताठ केला की ती त्याच्या शेजारी तुटते.

वेल्डिंगला साध्या रॉडऐवजी ७०१८ नंबरचा रॉड मागावा आणि तो कोरडा ठक्क असावा. पावसाळ्यात उघड्या पुड्यातला रॉड ओल धरतो आणि आतून टाका पोकळ येतो. मूळ रिव्हेट काढले असतील तिथे नवे रिव्हेट तापवून मारणारा कारागीर आता मिळणे कठीण. त्याऐवजी उच्च ताकदीचे, भोकात घट्ट बसणारे बोल्ट आणि लॉकनट वापरावेत. ढिल्या भोकात बारीक बोल्ट घालून वर वॉशर देणे म्हणजे फसवणूक आहे.

गंज काढण्यासाठी लहान भागांवर एक उपाय आपल्या घरचाच आहे. एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी यात गंजलेले नट-बोल्ट, ब्रॅकेट, हँगर एक ते तीन आठवडे बुडवून ठेवले तर मळीतली द्रव्ये गंज धरून सोडवतात आणि खालचे चांगले लोखंड फारसे खात नाहीत. परदेशातले जुन्या गाड्यांचे शौकीन हा उपाय नेहमी करतात. ॲल्युमिनियमचे भाग मात्र त्यात टाकू नयेत, ते खराब होतात. पण सभासदांनी डबे घेऊन कारखान्याच्या गेटवर येऊ नये ही विनंती! मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण आहे, ती अशी वाटता येत नाही. दुकानात फॉस्फोरिक आम्लाचे गंज काढणारे औषध मिळते, त्याने काम भागते. हातमोजे आणि चष्मा घालूनच ते वापरावे.

इंग्लंडात लँड रोव्हर नावाची जीपची बहीण आहे. १९४८ साली ती बाजारात आली, आणि तिचा पहिला नमुना जीपच्याच चेसीवर बांधला होता. तिची बॉडी ॲल्युमिनियमची, म्हणून गंजत नाही, पण चेसी लोखंडाची, म्हणून गंजते. तिथे तिच्यासाठी जस्तात बुडवलेल्या नव्या चेसी तयार मिळतात. आपल्याकडेही विजेच्या खांबांचे साहित्य जस्तात बुडवणारे कारखाने आहेत, तेव्हा आपली चेसी का बुडवू नये असे कोणी विचारील. बुडवता येते, पण जस्ताची कढई सुमारे ४५० अंशांवर असते. बंद पेटीला हवा जायला भोके ठेवली नाहीत तर ती फुटू शकते. दोन पत्र्यांच्या सांध्यात धुण्याचे आम्ल अडकले तर पुढे तेच आतून खाते. आणि उष्णतेने चेसी वाकली तर मोजमापाचे सगळे कष्ट वाया. म्हणून जुन्या दुरुस्त चेसीला आम्ही ते सुचवत नाही. इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वर इपॉक्सीचाच काळा रंग, आणि पेटीच्या पोटात पिचकारीने मेण किंवा घट्ट ग्रीस मारणे, हे आपल्याला पुरते. डांबरासारखे जाड लेप मात्र गंजावरून कधी फासू नयेत. लेपाला तडा गेला की आत पाणी शिरते आणि बाहेर काही दिसत नाही.

पेटीच्या तळाला पाणी निघून जाण्याची भोके असतात. रंगाने ती बुजली नाहीत ना, हे तारेने तपासावे. नवी नसतील तिथे बोटभर अंतरावर दोन पाडून घ्यावीत आणि त्यांच्या कडा रंगवाव्यात.

सगळे जोडल्यावर पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० किलोमीटरनंतर पाट्यांचे यू बोल्ट, स्टिअरिंग डब्याचे बोल्ट आणि क्रॉस मेंबरचे नट आवळून घ्यावेत. त्याच वेळी कर्णाचे माप पुन्हा घेऊन वहीतल्या आकड्याशी ताडून पाहावे. दरवर्षी मृगाच्या आधी भोके साफ करून मेण मारावे, आणि दसऱ्याला रस्ते सुकले की खालची माती खरवडून गोड्या पाण्याने, म्हणजे कॅनॉलच्या किंवा शेततळ्यात साठवलेल्या पावसाच्या पाण्याने, चेसी धुवावी. खारपाणपट्ट्यातल्या सभासदांनी यासाठी पावसाळ्यात पत्र्यावरचे पाणी दोन-तीन टाक्यांत धरून ठेवले तरी काम होईल. खताची पोती न्यायची असतील तर हौद्यात जुनी ताडपत्री अंथरून मगच पोती टाकावी, आणि ती ताडपत्री जीपमध्ये न झटकता बांधावर नेऊन झटकावी.